माहेरच्या रस्त्याला पाचपैकी साडेतीन

लोक मिक्सरला गुण देतात, पार्लरला देतात, परवा आमच्या जाऊबाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरला तीन तारे दिले. मी म्हटलं, ज्याच्यावर माझ्या आयुष्यातले शेकडो तास गेले त्या रस्त्याला गुण कोण देणार? तर हा भोर–महाड रस्त्याचा, म्हणजे वरंधा घाटाच्या रस्त्याचा अभिप्राय.

माझं माहेर भोर, सासर महाड. मध्ये हा पाऊणशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. 1998 साली लग्न झालं तेव्हापासून मी त्याची गिऱ्हाईक आहे. एसटीने गेले, ह्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले, मांडीवर पोर घेऊन गेले, आणि गेली नऊ वर्षं माझी मी गाडी चालवत जाते. एखाद्या रविवारी येऊन धबधब्यापाशी फोटो काढून गेलेल्याचं हे मत नाही, एवढंच सांगायचं होतं.

आधी नावाचं बघू. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग 965 डीडी. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. महामार्ग म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या माणसाला जे आठवतं ते इथे शोधायला येऊ नका. हिरडोशीच्या पुढे समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाने साईडपट्टीवर उतरायचं असतं, आणि तो एक म्हणजे तुम्हीच. मध्ये म्हैस असेल तर दोघांनीही थांबायचं. गेली काही वर्षं रुंदीकरण, मोऱ्या, संरक्षक भिंती असं काम टप्प्याटप्प्याने चाललंय. त्यामुळे एक पट्टा असा लागतो की हातातला चहा हिंदकळत नाही, आणि पुढच्याच वळणाला डांबर संपून खडी सुरू होते. खडी लागण्याआधी पाटी असतेच असं नाही. सवयीने कळतं, पुढच्या गाडीची धूळ दिसते.

ज्यांना फक्त महाडला पोचायचंय, लग्नाचा मुहूर्त गाठायचाय, कोर्टाची तारीख आहे, त्यांनी हा रस्ता धरू नये. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरावं आणि तिथून मुंबई–गोवा महामार्गाने महाडला यावं. अंतर जास्त पडतं, पण वेळेचा काहीतरी भरवसा असतो. भोरच्या माणसाला मात्र तो वळसा दुपटीहून मोठा पडतो. आधी उलटं पुण्याला जा, मग डोंगर उतर, मग पुन्हा दक्षिणेला ये. आमच्यासारख्यांना हा रस्ता काही पर्यटनासाठी नाही, आमची ती वाट आहे. हे मुद्दाम लिहितेय, कारण या रस्त्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात धुकं, धबधबे आणि भजी यापलीकडे काही नसतं.

भोरपर्यंतचं थोडक्यात. पुण्याहून येणारे कापूरहोळला महामार्ग सोडतात. भोरच्या अलीकडे नीरा नदी एक मोठं गोल वळण घेते, वरून गळ्यातल्या हारासारखं दिसतं, म्हणून त्याला नेकलेस पॉइंट म्हणतात. हे नाव आमच्या लहानपणी नव्हतं, तेव्हा ती नुसती नदी होती. आता तिथे गाड्या आडव्यातिडव्या उभ्या असतात, तेव्हा हळू या. भोरमध्ये पंतसचिवांचा राजवाडा आहे, पण तिथे शूटिंग चालू असेल तर आत सोडतीलच असं नाही.

आणि भोरमध्येच दोन कामं उरकून घ्या. एक म्हणजे पेट्रोल. टाकी अर्धी असली तरी मी भोरलाच भरून घेते, पुढे घाट उतरून बिरवाडीकडे जाईपर्यंत ही काळजी डोक्यात नको. दुसरं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. बायकांनी भोरमध्ये बाथरूमला जाऊन निघावं. पुढे दोन-अडीच तास धड सोय नाही. घाटात वाघजाईच्या देवळापाशी इतके लोक थांबतात, दिवसभर भज्यांच्या कढया उकळत असतात, पण बाईमाणसाने जायचं कुठे याचं उत्तर आजही झाडी हेच आहे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पाणी बेतानं पी गं, घाटात पंचाईत होते." त्यानंतर मोबाईल आला, महामार्गाला नंबर मिळाला, तरी मीही माझ्या लेकीला निघताना तेच सांगते. याचा पूर्ण अर्धा गुण मी कापलाय.

आता खरा रस्ता. भोर सोडलं की थोड्याच वेळात देवघर येतं आणि नीरा देवघर धरणाची भिंत दिसते. माझ्या लग्नाच्या वेळी या धरणाचं काम चालू होतं. एसटीच्या खिडकीतून मातीचे ढिगारे, डंपर आणि लाल धूळ एवढंच दिसायचं. नंतर वर्षावर्षाने पाणी वर चढत गेलं. आता धरणात साधारण पावणेबारा टीएमसी पाणी मावतं, आणि त्याच्या काठाकाठाने निगुडघर, कोंढरी, हिरडोशी असा रस्ता जातो. या पट्ट्याला मी पाचपैकी पाच देते. हात आखडत नाही.

पाणी एकदम समोर येऊन उभं राहत नाही. आधी झाडांच्या फटीतून एक चकाकी दिसते, मग ती जाते, मग ओढ्याच्या आत शिरलेलं एक बोट दिसतं, मग रस्ता त्या ओढ्याला वळसा घालून पलीकडे निघतो आणि तुम्हाला वाटतं पाणी मागे राहिलं, तोच ते पुन्हा शेजारी. अशी किती वळणं आहेत ते मी मोजायचा प्रयत्न केला होता, लेक मागून "आई, भूक लागली" म्हणाली आणि मोजणी चुकली. हे सगळं तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या आत बघायचं. साठने गेलात तर फक्त वळणं लक्षात राहतील आणि मागचं पोर ओकेल. आवळासुपारी जवळ ठेवा, लिंबाचा वास काही कामाचा नाही.

सगळे म्हणतात पावसाळ्यात जा. माझं मत वेगळं आहे. हा पट्टा बघायचा तर एक गणपतीनंतर, दसऱ्याच्या आसपास, आणि दुसरा एप्रिलच्या शेवटी. गणपतीनंतर धरण भरलेलं असतं, खाचरांतला भात पिवळा व्हायला लागलेला असतो, कडेच्या उतारांवर सोनकी पसरलेली असते, आणि मुख्य म्हणजे रस्ता दिसतो. एप्रिलचं कारण मात्र लोकांना पटत नाही.

एप्रिलमध्ये पाणी पार खाली जातं. काठाला आंघोळीच्या बादलीला बसतो तसा मातकट पट्टा उघडा पडतो, आणि त्या पट्ट्यात जुन्या शेतांचे बांध वर येतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ती नुसती दगडांची रांग वाटली. मग ह्यांनी गाडी थांबवली आणि आम्ही खाली उतरून गेलो. रांग नव्हती ती, एकाखाली एक उतरत गेलेली खाचरं होती, प्रत्येकाचा आकार वेगळा, कोपऱ्यात पाणी पुढच्या खाचरात सोडायची फट तशीच होती. फटीत गाळ बसून तडकला होता. एका बांधावर पाय ठेवला तर दगड हललासुद्धा नाही. कोणीतरी इतका नीट बसवलेला. तिथेच एक माणूस फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं सोडवत होता. हे त्याला म्हणाले, "कुणाची जमीन व्हती ओ ही?" तो म्हणाला, "आता पाण्याची." आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. दर एप्रिलला मी तिथे गाडी हळू करते. खाली उतरू नका मात्र, गाळ वरून वाळलेला आणि आतून ओला असतो, आमच्या ह्यांची एक चप्पल अजून तिथे आहे.

एप्रिल-मे मध्येच कडेला करवंदं आणि जांभळं घेऊन बायका-पोरं बसलेली असतात. पळसाच्या पानाचा द्रोण, त्याला काडीची टाचणी, आणि वर रास लावलेली करवंदं. एक आजी आहेत, वरवंडच्या अलीकडे एका मोरीच्या कठड्यावर बसतात. घासाघीस करणाऱ्याला त्या करवंदं देतच नाहीत, सरळ सांगतात, "जा पुढं, पुढं स्वस्त हाईत." पुढे कोणी नसतं. द्रोण हातात घेताना तळाला धरा, कडेला धरलात तर टाचणी निघते आणि करवंदं सीटखाली जातात. त्याचा चीक सीटच्या कापडावरून जात नाही. आमच्या गाडीत मागच्या सीटवर 2022 सालचा एक डाग आहे आणि मी तो काढायचा प्रयत्न सोडून दिलाय.

हा सगळा भाग म्हणजे हिरडस मावळ. बांदल देशमुखांचा मुलूख. 1660 साली घोडखिंडीत लढले ते बाजीप्रभू देशपांडे बांदलांचेच, त्यांचं शिंद गाव भोर तालुक्यातच आहे. आमच्या अण्णांना एसटीत शेजारी कोणीही अनोळखी बसला की हे सगळं सांगायची हौस होती. त्या माणसाला हिरडोशीला उतरायचं असलं तरी अण्णांची खिंड लढवून झाल्याशिवाय त्याची सुटका नसे.

हिरडोशीनंतर पाणी संपतं, झाडी वाढते, आणि मोबाईलची रेंज जाते-येते ती शेवटी जातेच. ज्यांना नकाशा लावून चालवायची सवय आहे त्यांनी घाबरू नये, चुकायला दुसरा रस्ताच नाही. घरी फोन करायचा असेल तो निगुडघरच्या आसपास करून टाका. मी एवढंच सांगते, "आता दीड तास फोन लागणार नाही, लगेच पोलिसात जाऊ नका."

शिरगावला रस्त्यालगत नीरेचा उगम आहे. दगडी कुंड, पायऱ्या, आत थंड पाणी. पाटी लहान आहे, निम्मे लोक पुढे निघून जातात. थांबा तिथे. मागे ज्या नदीच्या काठाने एवढा वेळ आलात, जिच्यावर ते सगळं धरण आहे, जी पुढे इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला भीमेला जाऊन मिळते, ती इथे ओंजळीत मावते. पाय घालून बसायचा मोह होतो, पण लोक ते पाणी भक्तीने तोंडाला लावतात, तेव्हा पायताण बाहेर आणि पाय पाण्याबाहेर.

शिरगाव सोडलं की गंमत होते. देशावरून येणाऱ्याला वाटतं आता घाट चढायचा. चढ फारसा नाहीच. रस्ता थोडा वर जातो, एका खिंडीतून वळतो आणि समोरची जमीनच संपते. खाली पार तळाला शिवथरची दरी. नव्या माणसाला शेजारी बसवून नेलं की मी या वळणाला काही बोलत नाही, त्याचा चेहरा बघते. खिंडीच्या अलीकडे पडलेला पाऊस नीरा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जातो आणि पलीकडचा सावित्रीतून अरबी समुद्राला. त्यातला पहिला फार लांबच्या गावी पडला म्हणायचा. माझं बरं, पाऊणशे किलोमीटरवर भागलं.

इथला कावळ्या किल्ला घाटाच्या पहाऱ्यासाठीच होता, देशातून महाडच्या बंदराकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेवर नजर ठेवायला. इंग्रजांच्या काळात गाडीरस्ता काढला तो या किल्ल्याच्या डोंगरातूनच. आपण किल्ल्यातूनच जात असतो, पण गाडीतल्या कोणाला ते कळत नाही. वाघजाई देवीचं मंदिर रस्त्यालाच लागून आहे. पूर्वी एसटी इथे थांबली की कंडक्टर मास्तर उतरून हात जोडायचे, कोणी नारळ फोडायचं, तोवर आम्ही पोरं खिडकीतून माकडं बघायचो. मंदिराच्या वरच्या अंगाला कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. चढून जायला फार वेळ लागत नाही, पण पावसात जाऊ नका, शेवाळ आहे.

भज्यांबद्दल बोलावं लागेल, नाहीतर लोक म्हणतील वाघजाईला गेली आणि भज्यांचं लिहिलं नाही. वाघजाईची भजी चांगली आहेत, पण तुम्ही थंडीवाऱ्यात दोन तास बसून आलेले असता, म्हणून ती आणखी चांगली लागतात. कढईतून निघालेली बघून घ्या, परातीत आधीच काढून ठेवलेली घेऊ नका. आणि प्लेट घेऊन कठड्याकडे जाऊ नका. माकडं कठड्यावर बसूनच वाट बघत असतात. मागे एका बाईंच्या हातातून भज्यांऐवजी पर्स गेली. माकडाने ती उघडली, आतली लिपस्टिक काढून चावली, थुंकली आणि पर्स दरीत सोडून दिली. बाई रडत होत्या, भजीवाला म्हणाला, "ताई, गाडीची चावी आत नव्हती ना? मग नशीबवान तुम्ही."

पावसाळ्यातल्या रविवारी इथे येऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीचे चारही दरवाजे उघडे टाकून, आत गाणी लावून, अर्ध्या रस्त्यात नाचणारी पोरं असतात. वळणावर गाड्या उभ्या. एसटी अडकते, तिच्यात दवाखान्यातून घरी परतणारी म्हातारी माणसं असतात, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. धबधब्याखाली उभं राहायची तर सोयच नाही, वरून दगड कधी येईल सांगता येत नाही. पाणी ज्या वाटेने येतं त्याच वाटेने दगड येतात, हे घाटातल्या लहान पोरालाही माहीत असतं.

उतार चालवण्याबद्दल चार शब्द, विशेषतः नव्याने गाडी शिकलेल्या बायकांसाठी, कारण मीही तशीच शिकले. दुसऱ्या गिअरला उतरा, सारखा ब्रेक दाबत बसू नका, माझेरी येईपर्यंत ब्रेकचा वास येईल. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणाला दिवसाही हॉर्न, रात्री हॉर्न नको, डिप्पर द्या, प्रकाश आधी दिसतो. धुकं दाट असेल तर मोठा लाईट लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. काच खाली करून समोरच्या गाडीचा आवाज ऐका. ह्यांनी मला हे सगळं शिकवलं आणि पहिल्याच वेळी स्वतः डोळे मिटून शेजारी बसून राहिले. वाघजाईला उघडले ते नमस्काराला.

आता तक्रारीचं. घाट पावसाळ्यात बंद ठेवतात. अवजड गाड्यांना तर बराच काळ, आणि हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असला की सगळ्यांनाच. याबद्दल माझं काही म्हणणं नाही. 2021 च्या जुलैत महाडमध्ये जो पूर आला, आमच्या घरात कंबरेएवढं पाणी होतं, आणि त्याच दिवशी तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. ज्याने तो आठवडा इथे काढलाय तो घाट बंद का केला असं विचारणार नाही. त्या वर्षी राखीला मी ताम्हिणीने गेले, पहाटे निघून दुपारी पोचले, दादा दारात उभा होता.

माझी तक्रार वेगळी आहे. बंद आहे हे सांगायची पद्धत. तीन वर्षांपूर्वी जूनअखेर दादाचा फोन आला, अण्णांना रात्रीतून दवाखान्यात हलवलंय. मी त्या वेळी भोरलाच जाऊन नुकतीच महाडला परतले होते, पुन्हा निघाले. बिरवाडीत कुठे काही पाटी नव्हती. वरंध गावापर्यंत नव्हती. माझेरीच्या वर, घाटात निम्म्यावर, रस्त्यावर आडवी दोन पिंपं आणि त्यावर एक बांबू. पिंपावर खडूने "बंद" लिहिलेलं, ते पावसाने निम्मं धुतलेलं, नुसता "बं" राहिला होता. माणूस कोणी नाही. पाऊस असा की वायपर पुरत नव्हता. अरुंद रस्त्यावर, एका बाजूला दरी, मी एकटीने ती गाडी वळवली. पुढे-मागे, पुढे-मागे, किती वेळा ते आठवत नाही, पण दर वेळी मागचं चाक कठड्याच्या दगडाला लागतंय का हे कानाने ऐकत होते. वळवून झाल्यावर हँडब्रेक ओढला आणि पाच मिनिटं तशीच बसले. मग खाली उतरून महाड, माणगाव, ताम्हिणी, पुणे, भोर. अण्णांना शुद्ध होती तोवर मी मुळशीपाशी होते.

पाटी बिरवाडीत असती तर दीड तास वाचला असता. बंद करायचा आदेश निघतो तसा बोर्डही निघायला हवा, घाटाच्या दोन्ही टोकांना, भोरच्या चौकात आणि बिरवाडीच्या फाट्यावर, दुरूनही वाचता येईल अशा अक्षरांत. वरचा घाट पुणे जिल्ह्यात, खालचा रायगडात, म्हणून हे काम कोणाचं हा प्रश्न दर वर्षी नव्याने पडत असेल, मला त्यात पडायचं नाही. ज्याचं असेल त्याने करावं. मी आता निघण्याआधी वाघजाईच्या भजीवाल्याच्या घरच्या नंबरवर फोन करते. त्यांची माहिती आजवर एकदाही चुकलेली नाही. एक गुण मी इथे कापलाय, आणि तो कापताना हात अजिबात थरथरला नाही.

खालचा भाग पटकन सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं कमी आहे. माझेरी, वरंध, बिरवाडी. घाट संपला की हवा बदलते, काचा खाली कराव्या लागतात, पाठ घामेजते. शिवथरघळीला जायचं असेल तर खाली उतरल्यावर फाटा विचारून घ्या. समर्थांनी दासबोध तिथे सांगितला अशी परंपरा आहे, आणि पावसाळ्यात घळीच्या तोंडावरच मोठा धबधबा पडतो. बिरवाडीला कारखाने सुरू होतात, टँकर लागतात, आणि आतापर्यंतचा शांतपणा विसरून पुन्हा आरशात बघत गाडी चालवावी लागते.

दोन तारखा लक्षात ठेवा. 20 मार्चला महाडला चवदार तळ्यावर 1927 च्या सत्याग्रहाच्या स्मरणाला दूरदुरून लोक येतात, आणि 6 जूनला रायगडावर राज्याभिषेक दिन असतो. त्या दिवसांत महाडमध्ये गाडी घेऊन कामाला येऊ नका. त्या गर्दीत सामील व्हायचं असेल तर अवश्य या, पण मग गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा.

मुक्कामाचं अनेक जण विचारतात. रस्त्यावर मुक्काम करू नये, अंधार पडायच्या आत घाट उतरावा. मी भोरहून दुपारी दोननंतर निघत नाही. आई अजूनही डबा बांधून देताना घड्याळाकडे बघत म्हणते, "दोन वाजले, आता उद्या जा." आणि बऱ्याचदा मी उद्याच जाते.

परवा आले तेव्हाची स्थिती: हिरडोशीपर्यंत डांबर चांगलं. शिरगावच्या अलीकडे एका मोरीचं काम चालू आहे, शेजारून काढलेला कच्चा रस्ता आहे, छोट्या गाडीचं पोट घासतं, मागच्या सीटवरच्यांना उतरवून चालत पुढे पाठवा. घाटात वाघजाईच्या खालच्या तिसऱ्या वळणाला बारीक खडी पडलेली आहे. दुचाकीवाल्यांनी तिथे पुढचा ब्रेक दाबू नये.